दगडाचा पंचनामा

खेड तालुक्याच्या दक्षिणेला चाकण आहे आणि पश्चिमेच्या टोकाला, आंबेगावच्या शिवेवर, भीमाशंकर आहे. एकीकडे अहोरात्र धडधडणारे मोटारींचे कारखाने आणि दुसरीकडे हिरड्याची व अंजनाची दाट राई, एकीकडे पुणे-नाशिक रस्त्यावर रात्रीही न खंडणारी मालवाहतूक आणि दुसरीकडे पावसाळाभर धुक्यात बुडालेल्या महादेव कोळ्यांच्या वाड्या, असे हे दोन मुलूख शेजारीशेजारी नांदत आले आहेत. चाकणच्या कांद्याच्या वावरांत औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून या दोन मुलखांमध्ये एक नवी देवघेव सुरू झाली आहे, आणि तिच्याकडे जावे तितके कोणाचे लक्ष गेलेले नाही. कारखान्यांत मिळवलेला आणि जमिनीच्या मोबदल्यापोटी हाती आलेला पैसा आता डोंगराकडे परतू लागला आहे, आणि परतताना तो पहिल्याने गावच्या देवळाकडे वळतो. ही कृतज्ञता आहे, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आठ-नऊ शतकांच्या सह्याद्रीच्या पावसाला ज्या दगडी देवळांचे फारसे काही बिघडवता आले नाही, त्यांचे रूप हा पैसा एका उन्हाळ्यात पालटून टाकतो, हेही मी ठिकठिकाणी पाहिले आहे : काळ्या पाषाणावर तैलरंगाचे गुलाबी-निळे थर, जोत्याभोवती निसरडी चकचकीत फरशी, सभामंडपाच्या जागी सिमेंटचा चौकोनी दिवाणखाना, आणि उखडून काढलेल्या कोरीव खांबांची गावाबाहेर ओढ्यात पडलेली रास.

या विषयावर चिंचवडच्या माझ्या दोन स्नेह्यांमध्ये कित्येक आठवडे चाललेला वाद मी जवळून ऐकला, आणि तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. त्यांपैकी एकांना आम्ही अण्णा म्हणतो. ते पश्चिम खेडमधल्या एका लहानशा गावचे. मिसरूड फुटण्याच्या वयात पिंपरीला आले, टेल्कोच्या टूलरूममध्ये हाताला वळण लागले, पुढे भोसरीत एका लेथवर स्वतःचा धंदा मांडला आणि आज चाकणला त्यांचा सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. दुसरे वकीलसाहेब, खेडच्या दिवाणी न्यायालयात त्यांची हयात गेली, आणि देवस्थान-इनामांचे दावे चालवता चालवता सनदा, वहिवाटीचे कागद आणि शिलालेख वाचण्याचा त्यांना जो छंद जडला, तो वकिली सुटल्यावरही सुटला नाही. वादाला निमित्त झाले अण्णांच्या गावच्या महादेवाच्या देवळाचे. देऊळ हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घडणीचे, शिखर केव्हाच ढासळलेले, मंडपाचे छत गळके. गावाने जीर्णोद्धार समिती नेमली, अण्णांनी खर्चाचा मोठा वाटा उचलण्याचे कबूल केले, आणि मक्तेदाराने जे अंदाजपत्रक धाडले त्यात पहिलेच कलम होते ‘जुने बांधकाम उतरवणे’. अण्णांनी तो कागद मोठ्या उत्साहाने वकीलसाहेबांपुढे ठेवला, आणि वकीलसाहेबांनी तो वाचून घडी घालून परत दिला.

“तुमचे मौन मला समजते,” अण्णा म्हणाले, “पण माझे म्हणणे आधी ऐकून घ्या. आमच्या देवळात पाणी गळते. श्रावणी सोमवारी म्हाताऱ्या बायका तासन्‌तास पावसात उभ्या राहतात, मंडपात दहा माणसे मावत नाहीत, आणि गेल्या खेपेला छताचा एक दगड खाली आला तो थोडक्यात कोणाच्या डोक्यात पडला नाही. तुमच्यासारखी विद्वान मंडळी येतात, ‘वा, काय कोरीव काम आहे’ म्हणतात आणि संध्याकाळच्या आत चिंचवडला परततात. गावाला तिथे रोज दिवा लावायचा असतो. देव ही जुन्या बाजारातली वस्तू नव्हे. तो नांदता आहे, आणि ज्याचे घर नांदते आहे त्याला ते दुरुस्त करण्याचा, वाढवण्याचा, प्रसंगी पाडून बांधण्याचा अधिकार असतो. आणि हे मी नवीन काय सांगतो आहे? आपले भीमाशंकर घ्या. तिथला सभामंडप १७३७ मध्ये चिमाजी अंताजी नाईक भिंडे या पुण्याच्या सावकारांनी बांधला असे सांगतात. शिखराचे काम नाना फडणिसांनी आरंभिले आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीने ते तडीस नेले. अहिल्याबाईंनी काशीला बांधले, वेरूळला घृष्णेश्वर बांधले. सोमनाथ तर आपल्या डोळ्यांदेखत नवे उभे राहिले, आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद स्वतः प्रतिष्ठेला गेले. त्या सावकाराला कोणी विचारले नाही की बाबा, तू जुने का हलवलेस. मग चाकणच्या कारखानदारालाच का विचारता?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि वकीलसाहेबांनी तो तसा नेलाही नाही. आपल्याकडे प्राचीन वास्तूंविषयी लिहिणारे पुष्कळ लोक भाविकाच्या या बाजूकडे अज्ञानाची बाजू म्हणून पाहतात, आणि तेवढ्याने त्यांचे निम्मे म्हणणे वाया जाते. कारण ज्या देवळात दिवा लागतो तेच देऊळ बहुधा टिकते, आणि जिथे पूजा थांबते तिथे आधी वड-पिंपळाची मुळे शिरतात व मागोमाग मूर्तिचोर येतात.

“नानांनी बांधले हे खरेच,” वकीलसाहेब म्हणाले, “आणि त्यांनी वाईट बांधले असेही मी म्हणणार नाही. भीमाशंकरला आपण पायऱ्या उतरून खाली जातो, तेव्हा ते शिखर प्रथम वरून दिसते. त्या दाट झाडीत ते शोभते, याचे कारण एवढेच की ज्या पाथरवटांनी ते घडवले त्यांच्या हातात तेच हत्यार, तोच दगड आणि तोच चुना होता, जो त्यांच्या आज्या-पणज्यांच्या हातात होता. परंतु तुमचाच दाखला मी तुमच्यावर उलटवतो. त्या शिखराच्या जागी नानांच्या आधी काय होते, त्याची उंची किती, घडण कोणती, हे आज तुम्ही मला कागदावर काढून दाखवू शकाल का? नाही. एवढ्या मोठ्या कारभाऱ्याच्या हातून, ज्याच्या दप्तरात पै-पैचा जमाखर्च सापडतो त्याच्या हातून, जुन्या दगडाचा हिशेब तेवढा राहून गेला. हा मी नानांवर ठपका ठेवीत नाही. त्या काळी ती जाणीवच नव्हती. आपल्याला ती आहे, म्हणून आपली जबाबदारी नानांहून मोठी.”

मग त्यांनी भीमाशंकरच्या घंटेचा विषय काढला. देवळापुढे दोन भक्कम दगडी आधारांमध्ये टांगलेली ती प्रचंड घंटा वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. वसईच्या मोहिमेत, म्हणजे १७३९ मध्ये, पोर्तुगीजांचा पाडाव झाल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला आहे, तिच्यावर १७०७ साल आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, आणि भीमाशंकरची घंटा त्या मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी अर्पण केली अशी परंपरा आहे. “तिच्यावर युरोपीय अंकांत १७२९ हे साल आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “ती जिंकून आणलेली वस्तू होती, परधर्माच्या मंदिरातली होती, कानशीने ते अंक घासून टाकायला एक दुपार पुरली असती. कोणी घासले नाहीत. म्हणून आज अक्षरओळख असलेला मुलगाही तिच्यापुढे उभा राहिला की पोर्तुगालपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचा सगळा इतिहास त्याच्या हाताशी येतो. आपल्या चिंचवडचे पाहा. मोरया गोसावींच्या देवळावर कोरलेले आहे की काम शके १५८० च्या कार्तिकात सुरू झाले आणि शके १५८१ च्या आषाढात पुरे झाले. बांधणाऱ्यांनी स्वतःची कुळी फार सांगितली नाही, पण काम केव्हा हाती घेतले व केव्हा सोडले ते मात्र दगडावर रुजू करून ठेवले. तुमच्या मक्तेदाराच्या अंदाजपत्रकात असे एखादे कलम आहे का?”

अण्णांनी कागद पुन्हा चाळला. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती; तसे कलम नव्हते.

परंतु अण्णा एवढ्याने माघार घेणारे गृहस्थ नव्हेत. “तुम्हाला जे हवे आहे,” ते म्हणाले, “ते म्हणजे देऊळ सरकारच्या हवाली करणे. निळी पाटी लागणार, कुलूप येणार, आणि मग एक खिळा ठोकायचा तरी मंजुरीसाठी अर्ज. केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटर परवान्याचे, असा २०१० पासून कायदा आहे, हे मला एका ओळखीच्या गावकऱ्याकडून चांगले ठाऊक आहे. त्याचे राहते घर त्या हद्दीत आहे. शौचालय बांधायला त्याने किती खेटे घातले ते त्याला विचारा. असल्या जतनाने गावाची भक्ती मेली तर दगड राहून काय करायचे?”

“मग अंबरनाथला चला,” वकीलसाहेब म्हणाले. “शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा, शिलाहार मम्मुणीच्या काळचा लेख तिथे आहे. शिखर तिथेही वरून ढासळलेले आहे. देऊळ संरक्षित आहे, आणि महाशिवरात्रीला तिथली रांग पाहिलीत तर भक्ती मेली असे तुम्ही म्हणणार नाही. १८६८ मध्ये मुंबई सरकारने त्या देवळाची मोजमापे घेववली, नकाशे काढवले, कोरीव कामाचे साचे पाडून घेतले. म्हणून पुढच्या काळात जे झिजले त्याचे रूप निदान कागदावर राहिले. आणि तुमचे देऊळ सरकारी यादीत नाही, यादीत घाला असेही मी म्हणत नाही. १९०४ चा कायदा असो, १९५८ चा असो की महाराष्ट्राचा १९६० चा, तो यादीतल्या वास्तूंना लागू. आपल्या डोंगरपट्टीतली बहुतेक देवळे कुठल्याच यादीत नाहीत, म्हणजे त्यांना गावाखेरीज वाली नाही. माझे भांडण सरकारसाठी नाही, अण्णा. गावाने स्वतः पुरातत्त्व खात्याइतके जबाबदार व्हावे, एवढेच मी मागतो आहे.”

इथे थोडे थांबून या डोंगरपट्टीविषयी सांगणे अवश्य आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यात दहाव्या शतकाच्या आरंभी झंझ नावाचा राजा होऊन गेला. ९१६ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर आलेला अरब प्रवासी अल्‌ मसूदी याने त्याचा उल्लेख केला आहे, आणि या घराण्याच्या ताम्रपटांत झंझाने शंभूची बारा देवालये उभारल्याचे म्हटले आहे. लोकपरंपरा ती बारा देवळे सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमांशी जोडते : कुकडीच्या उगमाशी जुन्नरजवळच्या पूरचे कुकडेश्वर, प्रवरेच्या उगमाशी रतनवाडीचे अमृतेश्वर, मंगळगंगेच्या उगमाशी हरिश्चंद्रगडावरचे हरिश्चंद्रेश्वर. परंपरेतला राजा आणि आजचा दगड यांचा मेळ प्रत्येक ठिकाणी बसेलच असे नाही. पण पाण्याच्या मुळाशी, मनुष्यवस्तीपासून दूर, प्रचंड पावसाच्या प्रदेशात, एकावर एक घडीव दगड बसवून ही कामे ज्यांनी केली त्यांची दृष्टी एकच होती, हे कुकडेश्वरासमोर उभे राहिले की पटते. भीमा याच ओळीतली नदी. भीमाशंकरला उगम पावलेले पाणी चासकमानच्या धरणातून, राजगुरुनगरवरून, तुळापूरला इंद्रायणी पोटात घेऊन पंढरपूरला चंद्रभागा होते. अण्णांच्या गावचा ओढा त्याच पाण्याला मिळतो.

पुढच्या भेटीत वकीलसाहेबांनी फार लांबचा दाखला आणला. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला जॉर्जिया हा देश आहे. आपल्या सह्याद्रीत देवळे उठत होती त्याच शतकांत तिथल्या डोंगरी मुलखात घडीव दगडांची चर्च उभी राहत होती. कुटाइसी या शहरी बग्राती नावाचे मोठे चर्च आहे. त्याची फरसबंदी १००३ मध्ये झाली, आणि ती केव्हा झाली हे त्यांनीही भिंतीवर कोरून ठेवले. १६९२ मध्ये तुर्कांच्या स्वारीत स्फोटाने त्याचे छत व घुमट कोसळले, आणि पुढे तीन शतके ते उघडे राहिले. १९९४ मध्ये युनेस्कोने ते आणि जवळचा गेलातीचा मठ, जो दाविद राजाने ११०६ मध्ये स्थापिला, असे दोन्ही मिळून जागतिक वारशाच्या यादीत घेतले. नंतर तिथल्या सरकारने बग्राती पुन्हा बांधायला काढले. २०१२ मध्ये घुमटासह ते उभे राहिले, काही भाग पोलाद व काच वापरून पुरा केला गेला. युनेस्कोने आक्षेप घेतले होते, आणि अखेर २०१७ मध्ये बग्रातीला यादीतून वगळून गेलाती तेवढे ठेवले.

“आणि तिथल्या लोकांनी काय केले?” अण्णांनी विचारले.

“काय करणार? प्रार्थना करतात.”

“मग त्यांचे काय गेले?” अण्णा एकदम पुढे सरसावले. “तीनशे वर्षे ज्यांच्या देवाच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्यांना छप्पर मिळाले. पॅरिसच्या एका कचेरीतल्या यादीतून नाव गेले, एवढेच. मी त्या गावचा असतो तर पहिली वीट माझ्या हाताने ठेवली असती.”

मला त्या क्षणी अण्णांचे म्हणणे अधिक बळकट वाटले, हे नमूद करतो. यादी ही कोणत्याही वास्तूच्या अस्तित्वाची कसोटी असू शकत नाही. वकीलसाहेबांनीही ते नाकारले नाही. “यादीची मला मातब्बरी नाही,” ते म्हणाले. “पण त्या उघड्या भिंती तीनशे वर्षे एक साक्ष देत होत्या : इथे काय होते, कोणी उडवले, आणि पाडूनही काय शिल्लक उरले. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घातले की त्याची जबानी खोटी ठरत नसली तरी निरुपयोगी होते, हे तुम्हाला माझ्या धंद्यातले सांगतो. त्याच देशात काझबेक शिखरापुढे गेरगेतीचे चर्च आहे, चौदाव्या शतकातले, समुद्रसपाटीपासून २१७० मीटरवर. सोव्हिएत अमदानीत १९८८ मध्ये सरकारने तिथवर तारेवरची पाळण्याची गाडी नेली, आणि त्या डोंगरी लोकांनीच ती मोडून टाकली. देवळाकडे कसे यावे आणि देवळापाशी काय असावे हे ठरवणारी तीही भाविक माणसेच होती. भाविकाला नेहमी नवेच हवे असते, हे तुमचे गृहीत बरोबर नाही.”

वाद असाच चालू राहिला असता. पण अण्णांनी आम्हा दोघांना दिवाळीनंतर गावी नेले, आणि जे बोलून सुटले नाही ते तिथे पाहून पुष्कळसे सुटले.

देऊळ लहान आहे. गर्भगृह, अंतराळ आणि चार खांबांचा मंडप. बाहेरच्या अंगाला जोत्याचे पट्टे, त्यांच्यावर जंघेचा सरळ भाग, उत्तरेला तीर्थाचे पाणी वाहून नेणारे मकरमुख. पहिल्या जीर्णोद्धारात, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी, दक्षिणेकडच्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले होते आणि मंडप आतून निळ्या तैलरंगाने रंगवला होता. अण्णांच्या खिशात पोलादी मोजपट्टी नेहमी असते. उत्तरेच्या भिंतीशी ते उकिडवे बसले आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात पट्टीची कड घालू लागले. ती जाईना. त्यांनी दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला. दोन हात लांबीचे दगड, मध्ये चुना नाही, आणि पट्टीची कड शिरेल एवढीही फट नाही. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून जसे बसवतात तसे हे बसवलेले होते, आणि तेही छिन्नी-हातोडीने. अण्णा कितीतरी वेळ त्या दगडावरून तळहात फिरवत राहिले.

मग ते दक्षिणेकडे आले. सिमेंटच्या रेघांच्या दोन्ही बाजूंना दगडावर पांढरा लोणा फुटला होता आणि बोट लावताच पापुद्रे गळत होते. कारण साधे आहे. भिंतीत शिरलेले पावसाचे पाणी पूर्वी सांध्यांवाटे सावकाश बाहेर पडत असे; सिमेंटने ती वाट बुजली, पाणी दगडातूनच वाट काढू लागले, आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी साकळून दगडाची साल सोलू लागले. आत मंडपात एका खांबावर तैलरंगाचा फुगवटा आला होता. अण्णांनी पट्टीच्या टोकाने तो फोडला तेव्हा आतून पाण्याची धार ओघळली, आणि तिच्याबरोबर ओल्या दगडाची पूड. पाऊस जाऊन पाच-सहा आठवडे झाले होते. वर छताच्या दोन शिळा अडकवायला कोणीतरी लोखंडी पट्ट्या ठोकल्या होत्या. त्या गंजून फुगल्या होत्या, आणि ज्या शिळेचा तुकडा खाली आला होता तिला तडा नेमका त्या पट्टीपासून गेला होता. लोखंड गंजले की फुगते आणि फुगले की भोवतालचे फोडते, हे अण्णांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

“म्हणजे गळती आमच्याच दुरुस्तीची,” ते म्हणाले.

वकीलसाहेबांनी जिंकल्याचा आव आणला नाही. ते एवढेच म्हणाले, “अण्णा, मला एक सांगा. तुमच्या कारखान्यात ड्रॉइंगशिवाय काम मशीनवर चढते का?”

“चढत नाही.”

“गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी?”

“ड्रॉइंग नाही, त्यावर सही नाही, तर जॉबला हात लावायचा नाही. चुकलेला माल परत करता येतो, पण कापलेले लोखंड जोडता येत नाही.”

“मग हे उतरवायला निघालात त्याचे ड्रॉइंग कुठे आहे?”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म या दोन-चार वाक्यांत आले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याने महाराष्ट्राला पगार आणि मोटारी दिल्या हे सर्वांना दिसते; पण त्याने एक शिस्तही दिली आहे, मोजण्याची, नोंदण्याची, प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक देण्याची आणि कोणत्या दिवशी कोणाच्या हातून काय झाले याचा दाखला ठेवण्याची, आणि ती आता लाखो साध्या माणसांच्या अंगी मुरली आहे. हीच माणसे रविवारी गावी जाऊन ज्या समितीत बसतात, तिथे मात्र शेकडो वर्षांची वास्तू एका तोंडी अंदाजावर उतरवली जाते. १९५० च्या विश्वस्त कायद्याने देणगीच्या प्रत्येक पैचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत रुजू करावा लागतो. दगडाचा हिशेब मागणारे कोणी नाही.

त्यानंतर समितीच्या बैठकीत जे ठरले ते असे. आधी देवळाची पूर्ण मोजणी, प्रत्येक दर्शनी भागाचे ड्रॉइंग आणि छायाचित्रे. प्रत्येक निखळत्या दगडाला क्रमांक. म्हणजे वकीलसाहेबांच्या भाषेत दगडाचा पंचनामा. तैलरंग हलक्या हाताने काढायचा, दगडावर छिन्नी किंवा पॉलिशची चाके चालवायची नाहीत. सिमेंट काढून सांधे चुन्यात भरायचे. चुना घाण्यात मळून, गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचे पाणी घालून. आणि हिरडा तर त्याच डोंगरातला. लोखंडी पट्ट्या काढायच्या. म्हाताऱ्या बायकांसाठी निवारा हवा, हे अण्णांचे म्हणणे वकीलसाहेबांनी संपूर्ण मान्य केले. तो देवळाला न चिकटवता, जोत्यापासून सुटा, बसक्या छपराचा बांधायचा, आणि उद्या नको झाला तर एका दगडालाही धक्का न लागता काढता यावा असा. कामाच्या आरंभाचे व समाप्तीचे साल नव्या निवाऱ्यावर कोरायचे. मक्तेदाराचे अंदाजपत्रक परत गेले, आणि संगमरवरी पाटी गेली ती अण्णांच्याच सूचनेवरून.

शिखराचा प्रश्न मात्र सुटला नाही. अण्णांना ते हवे आहे. शिखराशिवाय देऊळ मुंडके उडवलेल्या देहासारखे वाटते, असे ते म्हणतात, आणि ती वेदना खरी आहे. वकीलसाहेबांचे उत्तर असे की आवारातल्या झुडपांत आणि शेताच्या बांधांत जे घडीव दगड विखुरले आहेत ते आधी गोळा करावेत, मोजावेत. त्यांतून मूळ शिखराची घडण निःसंशय सिद्ध झाली तर तेच दगड पुन्हा चढवण्याला त्यांची हरकत नाही, पण कल्पनेने एक दगडही नवा घडवू नये. मी या बाबतीत वकीलसाहेबांच्या बाजूचा आहे. ज्याचा पुरावा नाही असे शिखर कितीही सुबक झाले तरी ते आपल्या काळचे शिखर होईल, आणि खालच्या नऊशे वर्षांच्या कामाला ते स्वतःचे वय चिकटवील.

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ आणि मुळशी या तालुक्यांत आज ठिकठिकाणी जीर्णोद्धार समित्या बसलेल्या आहेत, आणि त्यांचे पुष्कळसे सभासद माझ्या शेजारी, याच पिंपरी-चिंचवडात, राहतात. त्यांना माझी विनंती आहे की येत्या उन्हाळ्यात मक्तेदाराला बोलावण्यापूर्वी एक रविवार मोजपट्टी, वही आणि कॅमेरा घेऊन आपल्या देवळापाशी घालवावा. आपल्या कारखान्यातला ड्रॉइंग काढणारा एखादा तरुण बरोबर न्यावा. आणि देवळाचा नकाशा, दगडांचे क्रमांक व छायाचित्रे यांची एक नक्कल ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि एक पुण्याच्या पुरातत्त्व कचेरीत रुजू केल्याखेरीज एकही दगड जागचा हलवू देऊ नये.